मध्यंतराचा हार

कोकणातली गाडी स्वारगेटला यायची ती तांबडं फुटताना. रंगनाथ तिच्या आधीच येऊन उभा असे. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि स्कूटरच्या पायदानावर अंथरलेलं जुनं पोतं. गाडी थांबली की क्लीनर जयसिंग मागचं दार उघडी, थर्मोकोलचं खोकं दोन्ही हातांनी पुढं धरी आणि उतरणाऱ्या सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "माळकरी, तुमचं पाप आलंय. सांभाळून, गळतंय."

रंगनाथ हसून खोकं घेई, पण अंगाला लागू देत नसे. हात लांब करून, मान एका बाजूला वळवून तो ते स्कूटरपर्यंत नेई. कुणाचं तरी ओलं झालेलं मूल त्याच्या आईपाशी पोचवावं, तसं.

"खात नाही, हात लावायला लाजता, मग आणता कशाला?" जयसिंगनं एकदा विचारलं होतं.

"बायको विकते."

"म्हणजे पाप वहिनींचं आणि पुण्य तुमचं."

"आणि चहा तुझा," असं म्हणून रंगनाथनं त्याला टपरीवर नेलं होतं. तेव्हापासून दोघांचा रोजचा चहा ठरून गेला.

खोकं यायचं वेळघरहून. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं ते लहानसं गाव रंगनाथचं आणि त्याच्या बायकोचं, यमुनाबाईचंही. तरुणपणी कारखान्यातली नोकरी धरून तो पुण्यात आला, विश्रांतवाडीत स्थिरावला, निवृत्त झाला. दत्ताच्या देवळात कीर्तनाला तबला वाजवता वाजवता माळ कधी गळ्यात पडली ते त्यालाही सांगता आलं नसतं. यमुनाबाईनं मात्र पुण्यात पाऊल टाकल्यापासून मासळीच विकली. मालही तिच्या माहेरचा. धाकटा भाऊ शंभू संध्याकाळी होडी घेऊन किनाऱ्याजवळच जाळं सोडी, पहाटे ओढी, आणि दुपारी बर्फात भरून खोकं रात्रीच्या गाडीत ठेवी. लहान होडी. लांबच्या पाण्यात जायचं तिचं अंग नाही.

मंडईच्या कडेला यमुनाबाईची फळी होती. फळीवर तिनं शंभूचं एक जुनं जाळं ताणून बांधलं होतं, घारी आणि मांजरं लांब राहावीत म्हणून. त्या जाळ्याखाली बसून ती दिवसभर खवलं काढी, पोटं साफ करी, तुकडे करी. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, त्यात मीठ. पण तोंडानं सारखी गुणगुण. आदल्या संध्याकाळी देवळात बुवांनी जी चाल लावली असेल ती दुसऱ्या दिवशी कोयत्याच्या ठेक्यावर मंडईत ऐकू येई.

"यमुनाबाई, तुमची सुरमई कीर्तन ऐकून मेलेली दिसते," तिचं रोजचं गिऱ्हाईक, रावसाहेब, पिशवी पुढं करत म्हणत. "चेहऱ्यावर समाधान आहे."

"तुम्ही पण या एकदा ऐकायला."

"नको. मला एवढ्यात समाधान नकोय."

मार्गशीर्ष लागला, हवेत गारवा आला, आणि वेळघरहून फोन आला. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. कंपनीची माणसं गावात येऊन गेली होती. आता पुण्यात, कंपनीच्या मोठ्या हॉलमध्ये गावकऱ्यांशी संवाद ठेवला होता. तिथं पडदा होता, प्रतिकृती होती. कंपनी बस पाठवणार होती.

"बाय, पयली रांग अगदी आपल्या दारात हाय," शंभू फोनवर म्हणाला. "आपण जाळी सोडतो तिथंच. पुळणीवरून मोजता येतील एवढ्या जवळ. लांब नेल्या तर आमचं काय बी म्हणणं नाय. मी बोलणार हाय. तू ये. तू असलीस की जीभ सुटते."

यमुनाबाई गेली. जाताना मंडईतून झेंडूचा हार घेतला आणि रंगनाथच्या डबीतला चिमूटभर बुक्का पुडीत बांधून घेतला. वेळघरात कुणीही चार माणसांपुढं उभं राहून बोललं, तर त्याला हार घालायची रीत. सप्ताहात बुवांना घालतात तसाच. मग तो जनावरांचा डॉक्टर असो की पाणीपुरवठ्याचा साहेब.

हॉल थंडगार होता. वेळघरची माणसं चपला बाहेर काढून आत आली, तर शिपाई म्हणाला, घाला, घाला, इथं चालतात. पण कुणी घातल्या नाहीत. बोलणारी मुलगी होती श्रद्धा, कंपनीतली इंजिनीअर. आणि काय बोलली. कोळसा जळत नाही, धूर होत नाही, वारा कुणाकडून विकत घ्यावा लागत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तिथं खांब रोवणं सोपं, वीज आणायची तार आखूड. सगळं पायरी पायरीनं, न अडखळता, मधेच एखादा विनोद. वेळघरची माणसं कीर्तनाला बसतात तशी बसली होती. कुणी खोकलं नाही, कुणी उठलं नाही. ती श्वास घ्यायला थांबली की मागून एखादा म्हातारा सवयीनं "हरी, हरी" म्हणे.

"तर हा झाला आमचा आराखडा," श्रद्धा म्हणाली. "आता आपण चहा घेऊया."

पूर्वरंग संपला. यमुनाबाई उठली. व्यासपीठावर जाऊन तिनं त्या पोरीच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि वाकून नमस्कार केला. श्रद्धा गोंधळली, मग तिनंही वाकून नमस्कार केला. कंपनीचा प्रसिद्धी बघणारा शुभंकर नावाचा उंच मुलगा होता, त्यानं धावत येऊन फोटो काढला.

चहा झाला, बटाटेवडा झाला. सगळी माणसं हात पुसून परत आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसली. शंभू पुढच्या रांगेत आला. बसमध्ये सगळ्या रस्त्यानं त्यानं ओठातल्या ओठात बोलणं घोकलं होतं. पडदा गुंडाळला गेला. एक माणूस मागून खुर्च्यांची घडी घालत आला.

"उठा काका, कार्यक्रम संपला."

"संपला कसा? आमचं ऱ्हायलंय."

"चहा झाला ना?"

"चहा झाला, म्हणून तर बसलोय," शंभू म्हणाला.

त्या माणसाला काही कळलं नाही. तेवढ्यात शुभंकर आला. "बस लागलीय काका. घाटात अंधार होतो, लवकर निघालेलं बरं." श्रद्धा दुसऱ्या बैठकीला वर निघून गेली होती. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उठली. दिवे एकेक करून बंद झाले, आणि चपला शोधायची पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई बोंबील धूत होती, तेव्हा तिची मुलगी भाग्यश्री फोन हातात घेऊन मंडईत आली. ती एका कंपनीचं काम घरूनच कॉम्प्युटरवर करायची, आणि या वेळी ती कधी घराबाहेर दिसत नसे.

"आई, हे बघ. तू व्हायरल झालीयेस."

फोटो चांगला आला होता. यमुनाबाई हसते आहे, हात उंचावून हार घालते आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: वेळघरच्या ग्रामस्थांनी केलं प्रकल्पाचं स्वागत.

"स्वागत कुठं केलं मी?" यमुनाबाईनं ओले हात लुगड्याला पुसले. "ती बोलली, म्हणून हार घातला."

"हो, पण फोटोत तसंच दिसतंय ना. कॉन्टेक्स्ट कोण बघतो?"

तोवर वेळघरात तो फोटो घराघरांत पोचला होता. दुपारी शंभूचा फोन आला. तो मोठ्यानं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"बाय, गावात बोलतात, पुण्याच्या आत्यानं हार घातला नि पाणी देऊन टाकलं. वाडीतल्या बायका आपल्या घरावरून जाताना तोंड फिरवतात. तुझं नाव काढलं की समदे गप होतात."

"अरे पण तू होतास ना तिथं?"

"होतो. मी सांगतोय त्यांना. माझं कोण ऐकतंय? मी तुझाच भाऊस." मग तो म्हणाला, "खोकं आता थोडे दिस नको. गाडीत ठेवताना लोक बघतात. उगाच भांडण."

यमुनाबाई फोन ठेवून कोयता उचलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की कापायला काही उरलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ सवयीनं स्वारगेटला गेला. जयसिंगनं मागचं दार उघडलं, आत बघितलं आणि दार लावलं. "माळकरी, आज नुसतं पुण्यच आहे," तो म्हणाला. पण हसला नाही. दोघांनी चहा घेतला. रंगनाथ रिकामी स्कूटर घेऊन परतला. वाटेत पायाखालचं कोरडं पोतं वाऱ्यानं फडफडत राहिलं.

घरी यमुनाबाई गुडघ्याला तेल चोळत बसली होती. दुखरा गुडघा त्या दिवशी बरोबर बोलायला लागला होता. "मी आणतो गणेश पेठेतून," रंगनाथ म्हणाला. "तू बस."

"तुम्ही? तुम्ही मासळीकडं बघत तरी नाही."

"बघायचं कशाला? विचारीन."

तो गेला आणि टोपली भरून घेऊन आला. यमुनाबाईनं पहिल्याच पापलेटाचं कल्लं उघडलं, वास घेतला आणि नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

"अहो, हे ताजं म्हणून कुणी दिलं तुम्हाला?"

"एका माणसानं. चांगला वाटला." रंगनाथ खाली बघत म्हणाला. "त्याच्याही गळ्यात माळ होती."

यमुनाबाईला तो फोटो आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं. मंडईत मात्र त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. रावसाहेब आले, वाकले, सरळ झाले.

"यमुनाबाई, यांचं तेरावं झालं का अजून राहिलंय?"

ती खाली बघत फळी पुसत राहिली. या बाईनं उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी शिळं खात नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "पण तुम्ही गुणगुणत नाही आहात, ते जास्त शिळं वाटतंय. काय असेल ते निस्तरा." आणि लिंबं-कोथिंबीर घेऊन निघून गेले.

त्या संध्याकाळी तिनं पाटावर बसल्या बसल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, बुवांना हार कधी घालतात?"

"मध्यंतराला. पूर्वरंग झाल्यावर. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"त्या पोरीला ठाऊक नाही," यमुनाबाई म्हणाली. "तिला कुणी सांगितलंच नाही. उद्या जाऊन सांगते."

खराडीतली कंपनीची इमारत काचेची होती. भाग्यश्रीनं आईला स्कूटरवरून आणलं, पण आत शिरताना रखवालदारानं हात आडवा केला. "कुणाला भेटायचंय? अपॉइंटमेंट?" बोलता बोलता तो नाक आखडून मागं सरकला. यमुनाबाई सकाळी दोनदा साबण लावून न्हाली होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पण वर्षानुवर्षांचा वास कातडीत मुरलेला, तो काय एका सकाळीत जातो? ती पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून दाराबाजूला कुंडीपाशी उभी राहिली.

"आई, चल परत," भाग्यश्री चिडून म्हणाली. "मी मेल टाकते त्यांना."

"थांब गं. देवळात पण आपण आधी पायरीवरच थांबतो."

भाग्यश्रीनं फोनवर खटपट करून निरोप पोचवला. थोड्या वेळानं श्रद्धा स्वतः खाली आली, मागोमाग शुभंकर. यमुनाबाईला बघताच श्रद्धाचा चेहरा उजळला.

"मावशी, तुम्ही. तो हार मी घरी नेला होता. इतकी वर्षं बोलतेय लोकांपुढं. लोकांनी प्रश्न घातलेत, वाद घातलेत, एका गावात शिव्याही घातल्या. हार पहिल्यांदाच."

"तुम्ही चांगलं बोललात, म्हणून घातला. त्याचंच बोलायला आले." यमुनाबाई कुंडीच्या कट्ट्यावर बसली. उभं राहून गुडघा भरून आला होता. "ताई, आमच्याकडं कीर्तनात बुवा आधी आपलं निरूपण करतात. तो पूर्वरंग. मग मध्यंतर. बुवा दमलेले असतात, म्हणून हार, बुक्का, घोटभर पाणी. त्यानंतर उत्तररंग. त्यात गोष्ट येते, माणसं येतात, त्यांचं सुखदुःख येतं. लोक त्यासाठी बसलेले असतात. तुम्ही चहा म्हणालात, आम्हाला वाटलं मध्यंतर झालं."

"आणि आम्ही खुर्च्या उचलल्या," श्रद्धा हळूच म्हणाली.

"माणसं अजून बसलेलीच होती."

"पण मावशी," शुभंकर म्हणाला, "फोटोत तर तुम्ही छान हसताय."

"मग हार घालताना रडायचं असतं का, बाळा?"

शुभंकरनं खिशात हात घातले. "प्रॉब्लेम असा आहे, की आता तो फोटो काढून टाकला तर लोक म्हणणार कंपनी घाबरली."

"नका काढू. मी कुठं म्हटलं काढा? पुढचं कीर्तन करा. आमची माणसं येतील. तुम्ही फक्त बसा."

"बसायला मी येईन," श्रद्धा म्हणाली. "पण मी खोटं आश्वासन देणार नाही. पहिली रांग लांब न्यायची की नाही हे माझ्या एकटीच्या हातात नाही."

"हातात आहे तेवढंच सांगा. बुवांच्या तरी हातात देव कुठं असतो?"

रंगनाथचं काम बाकी होतं. दत्तजयंतीचा सप्ताह सुरू होता आणि देवळात दत्तोबाबुवांची कीर्तनं लागली होती. रंगनाथ त्यांना तबल्यावर कित्येक वर्षं साथ करत आला होता आणि त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. कीर्तनाआधी तबला सुरात लावताना त्यानं मागितलं.

"बुवा, शनिवारचा उत्तररंग मला द्या."

बुवांनी झांज खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्षानुवर्षं कधी एक खडीसाखरेचा खडा जास्तीचा मागितला नाहीस, आणि मागितलंस ते थेट आख्यान. घे बाबा. पण ठेका तूच धरायचास."

वेळघरला फोन गेला. शंभू आधी ऐकेना. "माणसं यायची नायत, बाय. एकदा जाऊन आली, वडा खाऊन परत आली."

"त्यांना सांग, ते मध्यंतर होतं. आख्यान शनिवारी आहे. अर्धं कीर्तन टाकून घरी जायची रीत वेळघरात कधीपासून आली?"

हे शंभूनं गावात जसंच्या तसं सांगितलं असावं. कारण जयसिंगच्या गाडीनं माणसं आली, मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसून. जयसिंगही त्या दिवशी परत गेला नाही. "एवढे दिवस तुमचं पाप वाहिलं," तो रंगनाथला म्हणाला, "आता थोडं कीर्तन बघतो."

देवळाचा मंडप भरला. चपलांचा ढीग पायरीच्या बाहेर गेला. रावसाहेबही मागच्या खांबाला टेकून बसले होते, कुणी विचारू नये अशा बेतानं. श्रद्धा साडी नेसून बायकांत बसली होती. शुभंकर कडेला कॅमेरा लावून उभा.

बुवांनी पूर्वरंगाला श्रवणभक्ती घेतली. नऊ भक्तींत ऐकण्याला पहिलं पान का वाढलंय, हे ते असं काही सांगत गेले की अगरबत्तीचा धूरसुद्धा सरळ उभा राहिल्यासारखा वाटला. बोलायला जीभ एक दिली आणि ऐकायला कान दोन, तरी आपण जिभेचाच संसार मोठा केला, असं म्हणून त्यांनी मिशीत हसत शुभंकरकडं बघितलं. मग नामाचा गजर झाला. यमुनाबाईनं बुवांना हार घातला, बुक्का लावला. श्रद्धा टक लावून बघत होती.

"आता उत्तररंग," बुवा म्हणाले. "तो आज वेळघरचा." आणि ते खाली श्रोत्यांत जाऊन बसले.

शंभू उभा राहिला. समोर एवढी माणसं, हातात माईक. ओठ हलले, पण आवाज येईना. मान लाल झाली. तेव्हा रंगनाथनं तबल्यावर हलक्या बोटांनी ठेका धरला, अगदी हळू, बांधलेली होडी पाण्यावर डुलते तसा. शंभूनं तिकडं बघितलं. लहानपणापासून सप्ताहात त्यानं हाच ठेका ऐकला होता. त्याचा श्वास त्यावर बसला.

"मी बोलत नाय," तो म्हणाला. "दाखवतो."

यमुनाबाईनं पिशवीतून फळीवरचं जाळं काढलं. तीन पाण्यांनी धुतलं होतं, तरी वास होताच. तिनं बुवांकडं बघितलं. बुवा म्हणाले, "आण, आण. समुद्र काय देवाच्या बाहेर आहे?"

"मला खांब पायजेत," शंभू म्हणाला. "उंच माणसं." त्याची नजर शुभंकरवर गेली.

"मी कशाला? मला शूट करायचंय."

"कॅमेरा मी धरते," भाग्यश्रीनं त्याच्या हातातून घेतलाच. "तुम्ही स्टेकहोल्डर व्हा."

शुभंकर मंडपाच्या मध्ये उभा राहिला, थोडं पुढं जयसिंग, त्यापुढं आणखी दोघं. "ही तुमची पयली रांग," शंभू म्हणाला. "आता ह्या समद्या बाया म्हणजे भरती." वेळघरच्या बायकांनी जाळ्याची टोकं धरली. "आमचं जाळं एका जागी बांधलेलं नसतं. सांजच्याला सोडलं की पाण्याबरोबर चालतं, आणि पहाटे आम्ही त्याच्यामागं जातो. ठेका वाढवा, भावोजी."

रंगनाथनं वाढवला. बायका जाळं धरून पुढं आल्या, आधी पावलापावलानं, मग हसत हसत जोरानं. जाळं जयसिंगच्या खांद्याला अडलं, वळलं, शुभंकरच्या कमरेला वेढलं, शर्टाच्या बटणात अडकलं. तो सोडवायला वाकला तर पायात गुंतलं. "आता ओहोटी," शंभू ओरडला आणि बायका उलट फिरल्या. शुभंकर गरकन फिरून खाली बसला. मंडप हसून लोळला. रावसाहेबांचा चष्मा खाली पडला.

"मावशी, सोडवा," जाळ्यातून आवाज आला.

"सोडवते की. तुम्ही बोलू तरी शकता," यमुनाबाई गाठी काढत म्हणाली. "समुद्रात कुणी बोलायचं?"

हसणं ओसरलं. तेवढ्यात वेळघरचा एक म्हातारा उठला. त्याला वेगळीच शंका होती. एवढे पंखे वारा ओढून घेणार, तर गावाला वारा उरेल का? माड हलतील का? श्रद्धा उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. दोन्ही हात पसरून तिनं त्याला समजावलं, की पाती वाऱ्यातून चिमूटभरच घेतात, बाकीचा पुढं जातो, माड हलायचे तसेच हलतील. म्हाताऱ्याची खात्री पटली. तो खाली बसता बसता म्हणाला, "मग चालेल. पण लांब."

"पंखा आम्हालाही लागतो, ताई," यमुनाबाई म्हणाली. "आमच्या घरातली वीज पण कुठल्यातरी धुरातूनच येते, ते कळतं आम्हाला. पण पंखा उंबऱ्यात उभा केला तर घरात शिरायचं कुठनं? तो जरा पलीकडं सरकवा, एवढंच आमचं आख्यान."

श्रद्धाला आता सगळ्यांपुढं उभं राहणं भाग होतं. पडदा नव्हता, प्रतिकृती नव्हती. "त्या दिवशीचा हार म्हणजे होकार नव्हता," ती म्हणाली. "आम्ही तो तसा वाचला, ती आमची चूक. जाळी वाहतात हे मला माहीत होतं, कागदावर. पण तुम्ही किती जण त्यावर उभे आहात ते बघायचं मी टाळलं, कारण पुढच्या पाण्यात काम अवघड होतं. पहिली रांग पुन्हा आखायला हवी असं मी वरच्यांना सांगणार आहे. आखण्याआधी तुमच्या होडीत बसून ते पाणी बघणार आहे. ते मानतील का, हे आज सांगता येत नाही. लांब नेलं तर खर्च वाढतो, त्यावर भांडण होईल."

"भांडू," शंभू म्हणाला. "पण समोर बसून. आणि होडीत उलटी होते, सांगून ठेवतो."

"होऊ दे."

बुवांनी झांज उचलली, आरती झाली, प्रसाद वाटला. पायऱ्या उतरताना श्रद्धा यमुनाबाईजवळ रेंगाळली. "आज मला हार नाही, मावशी?"

"तुमचा मध्यंतराचा घालून झाला की. आता शेवटचा राहिलाय. रांग सरकली की मी स्वतः ओवीन."

शुभंकरनं दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो टाकला. त्यात तो स्वतः होता, जाळ्यात गुरफटून जमिनीवर बसलेला. खाली त्यानं लिहिलं होतं: हार म्हणजे होकार नव्हे. चर्चा चालू आहे, आम्हाला कुणीतरी सोडवा. तो फोटो वेळघरात पहिल्यापेक्षा लवकर पोचला. वाडीतली कुसुमवहिनी शंभूच्या दारात येऊन पोट धरधरून हसली, आणि जाताना विचारून गेली, "यमुनाआत्या होळीला येणार ना?"

शंभूनं हे फोनवर सांगितलं तेव्हा यमुनाबाईनं फक्त "बघू" म्हटलं. पण मंडईत त्या दिवशी लसूण सोलणाऱ्या बायकांनी कान टवकारले. रिकाम्या फळीमागून बुवांची शनिवारची चाल ऐकू येत होती.

त्यानंतरच्या पहाटे रंगनाथ स्वारगेटला उभा होता. थंडी बरीच होती. गाडी आली, माणसं उतरली, जयसिंगनं सावकाश मागचं दार उघडलं आणि आत डोकावून बराच वेळ काही शोधल्यासारखं केलं. रंगनाथचा हात माळेवर गेला.

"माळकरी," जयसिंग आतूनच म्हणाला, "पाप आलंय हो. आणि या खेपेला दोन खोकी आहेत."

रंगनाथ पुढं झाला. एक खोकं त्यानं पोत्यावर ठेवलं. दुसरं ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते मांडीवर घेऊन, छातीशी टेकवून तो स्कूटरवर बसायला लागला. बर्फाचं पाणी पांढऱ्या शर्टावरून खाली ओघळलं, माळेच्या मण्यांवरून ठिबकलं.

"अहो, अंगाला लागतंय तुमच्या," जयसिंग म्हणाला.

"लागू दे," रंगनाथ म्हणाला. "चहा उद्या घेऊ. ती वाट बघत असेल."